सोडायचं राहिलं ते

आशाबाईचं तान्हं लेकरू पुरून माणसं नाल्यावरून परतत होती, आणि त्याच वेळी सूर्यभान पाटलाच्या घरी पाहुण्यांसाठी पानं मांडली जात होती.

पाटलीण मनकर्णा चुलीपुढं उभी होती. हातात पुरणपोळ्यांची परात, अंगावर नवऱ्यानं अमरावतीहून आणलेलं हिरवं रेशमी लुगडं, आणि डोळ्यांपुढं... डोळ्यांपुढं तो पांढराशुभ्र, मऊ, निष्पाप दिसणारा कापसाचा ढीग. माहेरी राहिलेली विधवा नणंद पार्बताबाई आत आली. "पाहुणे बसले, मनकर्णा. काय पाहून राहिली?" मनकर्णानं परात हलकेच खाली ठेवली. "माह्याच्यानं नाई होत, वन्सं," एवढंच ती म्हणाली आणि मागच्या दारानं अंगणात जाऊन बसली. त्या दिवशी पाहुण्यांना पार्बताबाईनं वाढलं.

बार्शीटाकळीपासून कोसभर अंतरावरचं ते गाव. सात समुद्रांपलीकडे कुठं तरी गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती, म्हणे, आणि तिकडचा कापूस बंद झाल्यामुळे वऱ्हाडातल्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला होता. सूर्यभाननं ज्वारीची वावरंसुद्धा कापसाखाली घातली होती. घरात समया आल्या, बिलोरी हंड्या आल्या, चांदीची ताटं आली. पोळ्याला त्याच्या बैलांच्या शिंगांवर चांदीची शेंबी चढली तेव्हा पंचक्रोशीतली माणसं पाहायला आली होती. मनकर्णालाही त्या दिवसांत धुंदी चढली होती. वेचणीला ती स्वतः वावरात उभी राही. कुणाचा पदर किती भरला, कुणाची ओळ मागं राहिली, यावर तिची घारीसारखी नजर असे.

त्या दुपारी आशाबाई तिच्याजवळ आली होती. लेकरू कडेवर रडत होतं. "पाटलीणबाई, पाजून येतो जराशी." आणि मनकर्णा म्हणाली होती, "एवढी ओळ होऊ दे, आशे, मंग पाज. ठेव त्याले ढिगापाशी, मऊ लागन त्याले." आशाबाईनं लेकरू ढिगाच्या कडेला, सावलीत निजवलं. बाया येत राहिल्या, पदर रिते करत राहिल्या. ढीग वाढत गेला, वाढता वाढता एका अंगाला घसरला. कुणालाच कळलं नाही. आशाबाई ओळ पुरी करून आली आणि लेकरू शोधू लागली...

कापसात गुदमरलेल्या त्या जिवाच्या ओठांवर कापसाची तूस चिकटली होती. मनकर्णानं ती आपल्या हातानं पुसली होती. त्यानंतर तिनं तो हात कितीदा धुतला, पण त्या इवल्याशा ओठांचा स्पर्श काही केल्या जाईना!

पाहुणे गेल्यावर सूर्यभान अंगणात आला. तो दुष्ट नव्हता. बायकोच्या शेजारी बसून तो समजुतीनं बोलला, "आशीच्या घरी दाणे पाठवले म्या. लुगडं पाठवतो. आणखी काय करू, सांग."

"तिले दाणे नाई पायजे, जी."

"मंग काय पायजे?"

"ते आपल्यापाशी नाई." मनकर्णाचा आवाज कोरडा होता. "माही नजर ढिगावर होती. ढीग किती झाला ते दिसत होतं मले. त्याच्याखाली काय हाय, ते नाई दिसलं."

सूर्यभान उठून आत गेला.

पुढं जे झालं ते मनकर्णानं काही ठरवून केलं नाही. रेशमी लुगडं पेटीत गेलं ते पुन्हा बाहेर निघालं नाही. चांदीचं ताट तिला नकोसं झालं. ती मातीच्या परळात भाकर कुस्करून खाऊ लागली. मग एके दिवशी तिनं माजघरातल्या कापसाच्या गाठी गड्यांकडून बाहेर काढवल्या, हंड्या उतरवल्या, पलंग हलवला, आणि सगळी भुई शेणानं सारवून काढली. आढ्याला लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या. वेचणीला जाणाऱ्या बायांना तिनं निरोप धाडला... लेकरं बांधावर ठेवू नका, अफूचं बोट चाटवून निजवू नका, माझ्या घरी आणून द्या.

आधी कुणी आलं नाही. पाटलाच्या घरात मजुराची लेकरं, हे कुणाला खरंच वाटेना. मग एक आली, तिच्या मागून दुसरी आली. मोकळ्या झालेल्या त्या माजघरात रांगणाऱ्या, रडणाऱ्या, एकमेकांचे केस ओढणाऱ्या लेकरांचा गलबला माजला. मनकर्णाच्या ध्यानात आलं की भांडी घासायला, पेट्यांची कुलपं तपासायला, कोण काय नेतं यावर डोळा ठेवायला तिचा केवढा दिवस जात होता! आता तो दिवस तिच्या हाती आला होता. एक लुगडं अंगावर, एक वाळत, भाकर नि अंबाडीची भाजी... एवढ्यात माणसाचं भागतं आणि उरलेला जीव दुसऱ्याला देता येतो, हे तिला कळलं. कुण्या साधूनं सांगितलं असतं तर तिला ते पटलं नसतं.

सूर्यभानला मात्र ते सहन होईना. गावात लोक हसत होते. पाटलीण भिकारणीसारखी राहते, म्हणत होते. एके सकाळी तो माजघराच्या दारात उभा राहिला.

"मनकर्णा, माही माय उपाशी मेली. दुकाळात. तिच्या पोटापाशी निजलेलो होतो मी. तुले भरलेलं घर टोचते. मले रिकामं घर पाहून भेव वाटते. हे कसं सांगू तुले?"

तो इतक्या उघड्या मनानं कधी बोलला नव्हता. पण तिच्या मांडीवर एक पोर नुकतीच निजली होती, आणि ती उठली नाही. "तुमच्या घरातलं काही म्या फेकलं नाई," ती म्हणाली. "मले तेवढं राहू द्या असं."

पुढच्या वेचणीआधी सूर्यभाननं अमरावतीत, परकोटाच्या आत घर घेतलं. सगळं सामान गाड्यांवर चढलं. पार्बताबाई चढली. आणि नऊ-दहा वर्षांची सुभद्रा, त्यांची एकुलती एक लेक, नवा परकर नेसून गाडीत बसली. मनकर्णा गाडीपाशी उभी होती.

"माय, तू नाई येत?"

"तू हो पुढं, बाई. तुह्या बाबापाशी सगळं हाय. तिथं तुले काही कमी पडणार नाई."

"तू काहून नाई येत पण?"

"उद्या बाया लेकरं घेऊन येतीन," मनकर्णा म्हणून गेली. सुभद्रेनं तोंड फिरवलं. गाडी हलली, धुरळा उडाला, आणि धुरळा बसेपर्यंत मनकर्णा तिथंच खिळल्यासारखी उभी होती. सूर्यभानच्या घरात लेकीचं कल्याण आहे, माझ्याजवळ काय आहे, असं ती मनाला समजावत होती. त्या समजावण्यात एक काटा होता... तो तिनं तेव्हा चाचपून पाहिला नाही.

दोन-तीन वर्षं गेली. मोकळ्या घरातली लेकरं चालू लागली, त्यांची धाकटी भावंडं झोळीत आली. गावच्या बाया मनकर्णाला 'पाटलीणबाई'ऐवजी 'माय' म्हणू लागल्या. आशाबाई मात्र तिच्या दारावरून मान खाली घालून जात असे. तिला पुन्हा लेकरू झालं तरी तिनं ते आणलं नाही. पाठीला बांधून ती वेचणी करी. मनकर्णानं तिला कधी बोलावलंही नाही. बोलावण्याचा आपला अधिकार नाही, हे ती जाणून होती. मग एका माघात आशाबाई आपणहून आली. पोरगी तापली होती. तिनं ती मनकर्णाच्या ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "मी इथंच बसतो. तिले सोडून जाणार नाई." त्या दिवसापासून ती येत राहिली, बसत राहिली. हळूहळू दुसऱ्यांच्या लेकरांनाही भरवू लागली. त्या मेलेल्या लेकराचं नाव दोघींपैकी कुणीही घेतलं नाही.

सुभद्रेचं लग्न ठरलं, तेव्हा सूर्यभाननं गाडी धाडून मनकर्णाला अमरावतीला नेलं. मुलगा देवीदास चांगल्या शेतकरी घरातला होता. मांडव रस्त्याच्या पार टोकापर्यंत पडला होता. लेकीला पाहून मनकर्णाचे डोळे भरून आले. केवढी झाली होती, किती सुंदर! पण सुभद्रा जवळ आली नाही. ती लांबून म्हणाली, "आली काय, माय," आणि पाहुण्यांकडे वळली.

लग्नाच्या दिवशी पार्बताबाई एक जरीचं लुगडं घेऊन आली. "हे नेस. कन्यादानाले बसायचं हाय."

मनकर्णा क्षणभर त्या लुगड्याकडे पाहत राहिली. तिला ते हिरवं रेशीम आठवलं... तो ढीग आठवला... "वन्सं, मी हाव तशीच बसतो. धुतलेलं हाय हे."

"अवं, वऱ्हाडी पाहतीन. पोरीची लाज हाय."

"माहं मन नाई होत."

बातमी सूर्यभानकडे गेली. तो आला नाही, त्यानं निरोप पाठवला... तिला बसायचं नसेल तर राहू दे. कन्यादानाला पार्बताबाईचे दीर-जाऊ बसले. मनकर्णा बायांच्या मागं, खांबाला टेकून उभी राहिली. लेकीची मान खाली होती. एकदाच, फक्त एकदाच ती वर झाली. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं! त्या नजरेत एक थंड, पोरकं आश्चर्य होतं. ती नजर उराशी घेऊन मनकर्णा गावी परतली.

त्या लांबच्या मुलखातली लढाई संपली. कापूस पडला. सूर्यभाननं भाव पुन्हा येईल म्हणून माल धरून ठेवला. भाव काही आला नाही. दलाल, पाहुणे, पंगती, सगळं ओसरलं. गावच्या मनकर्णाच्या घरात मात्र काहीच बदललं नाही, कारण तिथं जायला काही उरलंच नव्हतं. लोक म्हणत, पाटलीण शहाणी निघाली. ते ऐकून तिला बरं वाटे. आणि बरं वाटतं याची नंतर लाज वाटे.

आणखी तीन-चार वर्षांनी एका सकाळी दारात बैलांची छोटी दमणी थांबली. सुभद्रा उतरली. दिवस गेलेले होते तिला. चेहरा ओढलेला होता. लेकरांच्या गलबल्यात ती दारातच उभी राहिली. ते मोकळं माजघर, त्या झोळ्या, आपल्या मायच्या गळ्यात पडलेले ते परके इवले हात, सगळं ती पाहत होती.

"ये, बाई, बैस," मनकर्णा गडबडून उठली.

"बसायले नाई आली मी. बाबाले वारं गेलं अंगावरून. उजवं अंग लुळं पडलं. आत्या आपल्या दिराकडे गेली, तिच्याच्यानं होत नाई. मी सासुरवाशीण, मले रोज कोण जाऊ देते? एक गडी हाय तो पाणी पाजते. बाबा घाणीत पडून राहते, माय."

मनकर्णानं गळ्यातले ते इवले हात सोडवले. "इथं आण त्यायले. मी पाह्यतो त्यायचं."

"येत नाई म्हणते. तिथंच मरीन म्हणते." सुभद्रा थांबली. "तू चाल."

"मी... इथली लेकरं..."

"हे ऐकायलेच आली होती मी," सुभद्रा हळू म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज चढला नाही. "मले माहीत होतं तू हेच म्हणशीन. माय, तुनं चांदी सोडली, रेशीम सोडलं, बाबाले सोडलं. मले बी त्याच्यातच सोडलं. मी काय सामान होती? लग्नात घडीभर लुगडं नेसली असती तर तुहं काय गेलं असतं? तुले आपलं हे असं राहणं माह्यापेक्षा मोठं वाटलं. लोक म्हणते माही माय देवी हाय. मले देवी नाई पायजे होती वं..."

मनकर्णाला वाटलं, कुणी तरी तो जुना काटा धरून सरळ ओढून काढला आहे... आणि त्याबरोबर वर्षांचं रक्त वाहतं आहे. खरंच होतं ते! सगळं देऊन टाकल्यावर एक गोष्ट तिनं उराशी घट्ट धरून ठेवली होती. आपण काही धरून ठेवत नाही, हा अभिमान. त्याच्यासाठी तिनं पोटच्या पोरीला पोरकं केलं होतं, आणि एका भ्यालेल्या माणसाला त्याच्या भरल्या घरात एकटं सोडलं होतं.

तिनं लेकीला कवटाळलं नाही. तेवढा धीर तिला झाला नाही. ती खाली बसली आणि सुभद्रेच्या पायांवरची धूळ आपल्या पदरानं पुसू लागली. "चुकलं माहं," ती म्हणाली. "लय चुकलं. चाल, मी येतो."

आशाबाई कोपऱ्यात एका लेकराला कण्या भरवत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मनकर्णा तिच्यापाशी गेली. आशाबाईच म्हणाली, "जा तुमी, माय. मी हाव इथं." मग लेकराचं तोंड पुसता पुसता, "एकाले बी नजरेआड करणार नाई."

लेकरांना कळलं नाही, पण गाडी हलली तेव्हा त्यातली दोन-तीन रडायला लागली. मनकर्णानं मागं पाहिलं नाही. तो आवाज खूप दूरपर्यंत तिच्या मागं आला.

अमरावतीच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. न विकलेल्या गाठी जिन्यापर्यंत रचलेल्या, धूळ बसलेल्या हंड्या, काळवंडलेली चांदी, कुबट वास. मधोमध शिसवी पलंगावर सूर्यभान पडला होता. मनकर्णाला पाहताच त्यानं मान भिंतीकडे वळवली. तिनं काही न बोलता पाणी तापवलं, त्याचं अंग पुसलं, कपडे बदलले, पेज भरवली. दिवसामागून दिवस ती हे करत राहिली. ज्या सामानापासून ती पळाली होती, त्याच सामानात ती आता राहत होती. तिनं त्यातली एकही वस्तू हलवली नाही. त्या गाठींच्या आडोशानं त्या माणसाला धीर वाटतो, हे तिला आता समजलं होतं. ती फक्त धूळ पुसत असे.

ती पलंगापाशी भुईवर बसे. एका दुपारी सूर्यभाननं डाव्या हातानं पलंगाची कड थोपटली. "वर... बैस," तो अडखळत म्हणाला. मनकर्णा उठली आणि गादीवर, त्याच्या उशाशी बसली. कितीतरी वर्षांनी ती गादीवर बसत होती. त्याचा लुळा हात तिनं मांडीवर घेतला. त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळून कानांत जाऊ लागलं.

"एकटा... होतो," तो म्हणाला.

"माहीत हाय मले," ती म्हणाली. "मीच केलं एकटं तुमाले."

त्यानं मान हलवली. नाही म्हणाला की हो म्हणाला, तिला कळलं नाही. पण त्या दिवसापासून त्यानं भिंतीकडे तोंड केलं नाही.

सुभद्रेला सातवा लागला. डोहाळजेवण माहेरी करायचं ठरलं, तेव्हा देवीदासच्या घरच्या बाया आल्या. मनकर्णानं पेट्या उघडून लुगडी सूर्यभानपुढं मांडली. "कोणतं नेसू, तुमीच सांगा." त्यानं बराच वेळ पाहून एका भरजरी, डाळिंबी लुगड्यावर बोट ठेवलं. ती ते नेसली, हातभर बांगड्या भरल्या. रेशमाचा तो मऊ स्पर्श तिला अजून सहन होत नव्हता. पण ती चारचौघींत बसली आणि लेकीची ओटी भरली. सुभद्रेनं वाकून नमस्कार केला आणि उठताना आपलं कपाळ मायच्या खांद्यावर टेकवलं... क्षणभरच, पण पूर्ण भार टाकून. पलंगावरून सूर्यभान पाहत होता.

चैत्रात तो गेला. सकाळपासून त्याची शुद्ध येत-जात होती. दुपारी त्यानं डोळे उघडले. शब्द आता फार थोडे उरले होते, आणि त्यानं ते जपून वापरले. "गावाले... जा आता. लेकरं... वाट पायत असतीन."

ज्या लेकरांपायी त्यानं घर सोडलं होतं, त्यांची त्याला आठवण होती! मनकर्णानं त्याच्या कपाळावरून हात फिरवला. "जाईन, जी. घाई नाई काही," ती म्हणाली. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि तसाच, तिच्या मांडीवर, तो शांत झाला. अंबादेवीच्या देवळाच्या अंगानं येणारा वारा खिडकीतून येत होता. ती बराच वेळ हलली नाही.

वैशाखात सुभद्रेला मुलगी झाली. त्याआधी देण्याघेण्यात गाठी गेल्या, चांदी गेली, घर पुष्कळसं मोकळं झालं. ते कसं झालं याकडे मनकर्णानं फारसं लक्ष दिलं नाही. पांढऱ्या लुगड्यातली मनकर्णा नातीला न्हाऊ घाली, लेकीला शेक देई. दोघी मायलेकी एकमेकींशी फार बोलत नसत. इतक्या वर्षांचं बोलायचं कुठून सुरू करावं, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

आशाबाईचा निरोप आला की लेकरं बरी आहेत, नव्या वेचणीआधी सारवण करायचं आहे, मायनं कधी यायचं ते सांगावं. सुभद्रेनं तो निरोप ऐकला. ती तान्हीला पाजत होती. खाली मान घालून तिनं विचारलं, "कधी जाशीन मंग?"

मनकर्णाच्या मनात ते माजघर उभं राहिलं. तिथली सारवलेली थंड भुई, झोळ्यांतून डोकावणारे चेहरे. साऱ्या जगात तेवढी एकच जागा तिला आपली वाटत आली होती. तिनं लेकीकडे पाहिलं.

"तू म्हणशीन तवा जाईन," ती म्हणाली.

आणि सुभद्रेनं पुष्कळ दिवस तसं म्हटलंच नाही.